जॉबरची झोप

"दिनकर, एक विचारतो, रागाला जाऊ नको. रात्री झोपताना घरात तुला काय प्यायला देत्यात?"

माझ्याबरोबर काम करणाऱ्या अण्णाप्पानं हे विचारलं तेव्हा आम्ही कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. सकाळचे आठ वाजत आले होते. तीन आठवडे झाले, उशीला डोकं टेकलं की थेट पहाटच होते, असं मी नुकतंच त्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

"बायको दूध देते की," मी म्हणालो. "जायफळ उगाळून."

"नुसतं जायफळ?"

"मग आणि काय?"

"काय न्हाई." त्यानं बशी तोंडाला लावली. "माझी आई आयुष्यभर जायफळ घालून दूध पीत हुती. मरंस्तवर जागीच हुती बिचारी. तुझा मेव्हणा जयसिंगपुरात औषधाच्या दुकानात हाय न्हवं?"

एवढं बोलून त्यानं कप खाली ठेवला आणि तो कामावर गेला. अण्णाप्पा काडी टाकून नामानिराळा होण्यात पहिल्यापासून वाकबगार. जळत बसायचं ते दुसऱ्यानं.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची, इचलकरंजीतली. मी यंत्रमागाचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग लावून देणारा माणूस. हा धंदाच संशयाचा. कापडात दोष आला की विणकर म्हणतो सूत वाईट, सूतवाला म्हणतो माग वाईट, आणि जॉबरनं दोघांवरही विश्वास न ठेवता मागाजवळ कान देऊन उभं राहायचं. तेवीस वर्षं मी तेच केलं. कारखान्यात त्याला हुशारी म्हणत. घरी काय म्हणत ते माझ्या बायकोला, कलावतीलाच विचारायला हवं.

माझा जन्म मागांच्या गल्लीतला. घरटी दोन-चार माग, दिवसरात्र खडखडाट. मग नवी यंत्रं आली आणि गल्लीतले जुने माग एकेक करून भंगारात गेले. राहिला तो आमच्या मागच्या भिंतीला लागून असलेला तात्या बुगडांचा एकुलता एक माग. ऐंशीच्या घरातले तात्या दिवसा मनाला येईल तसा तो चालवायचे. माझ्या मालकानंही जुने माग विकले, गावाबाहेर, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याशिवाय चालणारे नवे माग बसवले आणि मला त्यांच्यावर सुपरवायझर केलं. पगार वाढला, अंगावर इस्त्रीचा शर्ट आला. "गल्ली शांत झाली, आता सुखानं झोपा," असं जो तो म्हणायचा. आणि नेमकी त्याच दिवाळीपासून माझी झोप उडाली.

डोळ्याला डोळा लागेना. कलावतीनं काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळलं, खसखशीची खीर केली, उशी दक्षिणेकडची पूर्वेला केली. शेवटी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, दुपारी चारनंतर चहा नको, दिवसा डुलकी नको, अंथरुणात पडून टीव्ही नको, खोलीतलं घड्याळ काढून ठेवा, झोप आली नाही तर तळमळत पडू नका, उठून बाहेर बसा आणि कसंही झालं तरी सकाळी ठरल्या वेळी उठा. मी दोन दिवस सगळं केलं. तिसऱ्या दिवशी कलावतीला म्हणालो, "झोप येत नसली तर उठून बसा, हे सांगायला पैसे घेतो होय गं हा माणूस?" आणि सोडून दिलं.

डिसेंबरात एकदा चालू मागासमोर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. हाताखालच्या पोरानं मागून कॉलर धरून ओढलं म्हणून हात वाचला. मालकांनी आत बोलावून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "दिनकर," ते शांतपणे म्हणाले, "होळीपर्यंत बघतो. तुझ्याच जिवाला धोका आहे. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कलावतीनं ते दूध द्यायला सुरुवात केली. "हे पिऊन घ्या आणि पडा. आता झोप लागणार बघा," ती म्हणाली. मी हसलो, प्यालो, पडलो. ती भांडी घासायला मागं गेली. ती घरात परत यायच्या आत मी झोपलो होतो.

तर अण्णाप्पाच्या त्या चहापर्यंत मी सुखी होतो. त्या दिवसापासून मात्र मी घरात जॉबरसारखा कान देऊन वावरायला लागलो, आणि संशय घेणाऱ्याला खुणा काय, ढिगानं सापडतात.

पहिली खूण सोमवारची. सोमवारी यंत्रमागांची वीज बंद असायची, म्हणून माझी सुट्टी. कलावतीचा त्या दिवशी महादेवाचा उपास. आमच्याकडे दूध अर्धाच लिटर यायचं, त्यातलं चहापुरतं वगळून बाकीचं सोमवारी तिच्या उपासाला जायचं. मला दूध नाही. आणि सोमवारी रात्री मला झोपही नाही! मागं जाऊन मोजलं, सगळे सोमवार कोरडे गेले होते. दूध बंद, झोप बंद. दुसऱ्या एखाद्या दिवशी दूध गुपचूप ओतून टाकून बघावं असं मनात आलं. पण त्यासाठी आणखी एक रात्र जागावी लागली असती, आणि होळी तोंडावर आली होती. खरं सांगायचं तर त्या दुधात विष आहे असं कुणी सांगितलं असतं तरी मी ते प्यालो असतो, इतकी मला झोप हवी होती.

दुसरी खूण तिची स्वतःची. डोळे लाल. भाजी दोनदा करपली. एकदा देवापुढं वात लावता लावता ती बसल्या जागी पेंगली.

"रात्री झोपत नाहीस काय गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"झोपते की. मला काय झालंय?"

"दुपारी तरी पडत जा घटकाभर."

"दिवसाढवळ्या आडवं व्हायला मी काय आजारी हाय?" तिच्या माहेरी बाईनं दिवसा झोपणं अवलक्षण समजत. पण सोमवारी रात्री मात्र मी जागा आणि ती शेजारी ओंडक्यासारखी पडलेली. म्हणजे इतर दिवशी ही जागते. मी मेल्यासारखा झोपलेला असतो तेव्हा ही जागून करते तरी काय?

तिसरी खूण कडीची. परसदारची कडी गेली दहा वर्षं कुरकुरत होती. एका सकाळी मी ती सहज सरकवली, तर आवाज न करता सरकली. बोटाला तेल लागलं. वास घेतला. खोबरेल नव्हे, गोडेतेल नव्हे, मशीनचं तेल. असलं तेल आमच्या घरात नव्हतं. मी कारखान्यातनं खिळासुद्धा घरी आणणारा माणूस नव्हे. आणि त्याच दिवशी तिच्या केसांत, कानामागं, कापसाची बारीक पिंजर दिसली.

"हे काय?" मी विचारलं.

तिनं झटकन हात फिरवला. "गादीचा कापूस असंल."

गादीचा कापूस आणि सुताची पिंजर यातला फरक मला शिकवणार होती! पाणी कुठंतरी मुरत होतं. तिला कारखान्यात, तेलात, सुतात काम करणारा कुणीतरी भेटतो, त्याच्यासाठी कडीला तेल लागतं, आणि त्याच्यासाठीच भाऊ औषध पुरवतो, असा सगळा माग मी मनात जोडून टाकला. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पोरगी लग्न होऊन सांगलीला नांदत होती, कलावतीचे निम्मे केस पांढरे झाले होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. विचारावं असं एकदाही वाटलं नाही. जॉबर मागाला विचारत नाही.

एका शनिवारी मी मेव्हण्याला फोन करून बोलावून घेतलं. रावसाहेब संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला धापा टाकत आला.

"दाजी, काय झालं? अक्का बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. बस."

कलावती त्याला बघून हरखली, पण तिच्या हालचालीत जोर नव्हता. पोळ्या लाटताना हात जड पडत होते. आम्ही जेवलो. मी मधल्या वेळात तिच्या चार साड्या पिशवीत भरून पिशवी दाराआड ठेवली होती. रावसाहेबानं ती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

नऊला ती दुधाचा पेला घेऊन आली. "हे पिऊन घ्या. राऊ, तुझं अंथरूण बाहेर घालते."

"आज तू पी," मी म्हणालो.

"मी? मला कशाला?"

"पी म्हणतो ना."

"मला न्हाई लागत दूध. मला अजून काम हाय."

"आता नऊ वाजता काय काम आहे?"

तिनं एकदा परसदाराकडं बघितलं. मी बघितलं की तिनं बघितलं.

"कलावती, तुझ्या भावासमोर सांगतो. हे दूध तू प्यायचंस. सगळं."

"दाजी, हे काय चाललंय?" रावसाहेब उठला.

"तू बस. तुला कळेल. कदाचित ठाऊकच असेल."

तिला काही कळलं की नाही, देव जाणे. दमलेलं माणूस वाद घालत नाही. तिनं पेला तोंडाला लावला, सगळा संपवला, पदरानं ओठ पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसली. "झालं समाधान?" ती म्हणाली.

मग मी बोलायला लागलो. सोमवार सांगितले, कडीचं तेल सांगितलं, पिंजर सांगितली. रावसाहेब "न्हाई हो दाजी, शपथेवर सांगतो, एक गोळी मी दिली न्हाई" म्हणत होता. मी त्याला बोलू देत नव्हतो. पाच-सात मिनिटं झाली असतील. बोलता बोलता मी तिच्याकडं वळलो, तर तिची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं. हात मांडीवरून घसरून जमिनीवर आला होता.

"अक्का!" रावसाहेबानं तिला हलवलं. "ए अक्का!" ती जागी झाली नाही.

"बघितलंस?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता. आपला संशय खरा ठरला याचा आनंद. "बघितलंस, तुझी बहीण मला रोज काय पाजते ते? सकाळी पहिल्या गाडीनं घेऊन जा तिला."

रावसाहेबानं तिची नाडी बघितली, पापणी उचलून बघितली. पोरगा घामानं भिजला होता. "दाजी, नाडी बरी हाय," तो म्हणाला. "ही झोपलीय नुसती. औषध घेतलेलं माणूस असंच..." मग तो तिच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. "आमच्या घरात असलं कुणी केलं न्हाई हो. कसं केलं असंल हिनं?"

म्हणजे माझं म्हणणं त्यालाही पटलं होतं.

तेवढ्यात नुसतं लोटलेलं परसदार आवाज न करता उघडलं.

मी कोपऱ्यातली काठी उचलली. दारात उभे होते तात्या बुगड. अंगात बंडी, हातात बॅटरी, डोक्यावर सगळी पिंजर.

"सूनबाई, साडेनऊ वाजून गेलं की गं," ते बाहेरूनच म्हणत होते. "सुताच्या कांड्या भरून ठिवल्यात..." मग त्यांना मी दिसलो. "अगं आई गं. दिनू, तू जागा हैस?"

"तुम्ही?" मी म्हणालो. ऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्यावर मी काठी उगारली होती, इतकं माझं डोकं फिरलं होतं.

"काठी ठिव खाली. ही का झोपली? बरं न्हाई का तिला?"

"तात्या, ती रोज रात्री तुमच्याकडं येते?"

तात्यांनी बॅटरी विझवली. "तुला सांगायचं न्हाई असं तिनं मला देवाची शपथ घातलीय," ते म्हणाले. "पर आता शपथ कसली राहिली? माग चालवती ती माझा. तू पडलास की येती, पहाट व्हईस्तोवर विणती."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तुला झोप लागावी म्हणून!"

मला काही कळेना. तात्या उंबऱ्यावर टेकले.

"तुझ्या आईनं तुला माझ्या मागाखाली झोळीत झोपवलंय, दिनू. चाळीस-पंचेचाळीस वर्सं तू खडखडाटात झोपलास. गल्लीतलं माग गेलं आणि तुझी झोप गेली. डॉक्टरला कळलं न्हाई, तुला कळलं न्हाई, हिला कळलं. ही शांत गावातली. लगीन होऊन आली तवा सहा म्हैने आवाजानं झोपली नव्हती, तू हसायचास म्हणं तिला. मला येऊन म्हणाली, तात्या, रात्री माग चालवाल का? मी म्हटलं, माझं हात कापत्यात पोरी. तर म्हणाली, मग मला शिकवा."

"पण मला आवाज कधी आला नाही, तात्या." खरंच आला नव्हता. मी, ज्याला चाळीस मागांतला एक ढिला नट कानानं सापडायचा.

"तुला मागाचा आवाज येतो व्हय? तुला तो बंद झाल्यावरच येतो. एकदा मध्यरात्री तिनं माग थांबवला, म्हटलं आता झोपला असंल, घरी जाती. आली तर तू अंथरुणात चुळबुळ कराय लागलेला. तवापासनं थांबतच न्हाई बिचारी. पाच आठवडं झालं. सोमवारी लाईन नसती, तेवढीच तिला झोप."

"मग मला सांगायचं होतं."

"तू ऐकत पडला असतास! धोटा अडकतोय, पट्टा ढिलाय, म्हणत पाना घेऊन उठला असतास. डॉक्टरनंच सांगितलेलं तिला, ह्याच्या झोपंवर ह्याचाच पहारा हाय, त्यो उठला पायजे. म्हणून दुधाचं नाव पुढं केलं."

मी काठी कधी खाली ठेवली ते आठवत नाही. रावसाहेबानं डोळे पुसले, उठला, बाहेरचं अंथरूण आत आणलं आणि आम्ही दोघांनी तिला त्यावर निजवलं. तिच्या उजव्या तळहाताला घट्टे पडले होते. गेले पाच आठवडे तिच्या हातचं मी रोज दोन वेळा जेवत होतो, आणि तिचा हात बघितला नव्हता.

त्या रात्री तात्यांचा माग बंद राहिला. मी भिंतीला टेकून बसून राहिलो.

कलावती उठली तेव्हा उन्हं दारात आली होती. ती दचकून उठली, पदर सावरला, आणि तिची नजर दाराआडच्या पिशवीवर गेली.

"ही माझी पिशवी कुणी भरली?"

"मी," मी म्हणालो. खोटं बोलायची ताकद नव्हती. "मला वाटलं, तू दुधात काहीतरी घालतेस. झोपवतेस आणि बाहेर जातेस."

ती रडली नाही, ओरडली नाही.

"कधीपासनं वाटत हुतं असं?"

"दहा-बारा दिवस."

"आणि तरी रोज पीत हुता?"

"झोप पाहिजे होती," मी म्हणालो.

तिनं तोंड धुतलं, केस बांधले, पिशवी उचलली. "चल, राऊ," ती म्हणाली. "मला माहेरी जाऊन झोपायचंय." रावसाहेबानं माझ्या पाया पडायचं टाळलं. ते बरोबरच केलं.

मी मालकांना सगळं खरं सांगितलं आणि पंधरा दिवसांची रजा मागितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "महिनाभर घे. ही जागा तुझीच आहे." मग मी डॉक्टरनं सांगितलेलं एकेक निमूटपणे करायला लागलो. चारनंतर चहा घेतला नाही, दुपारी कितीही पेंगलो तरी आडवा झालो नाही, झोप आली नाही की उठून पायरीवर बसायचो आणि पहाटे साडेपाचला उठायचो. पहिले आठ दिवस यमयातना. दहाव्या का अकराव्या रात्री दोन तास लागली. मग तीन. झोप हळूहळू आली, शांततेतच आली. आली तेव्हा ते कौतुकानं सांगायला घरात कुणी नव्हतं.

बाविसाव्या दिवशी मी तिला आणायला गेलो. वाटलं होतं चार शब्द ऐकवेल. तिनं एकही ऐकवला नाही. निमूटपणे माझ्याबरोबर आली, स्वयंपाकाला लागली, आणि संसार पुन्हा सुरू झाला. मी सुपरवायझर राहिलो, निवृत्त झालो. आता आम्ही दोघंही रात्री नीट झोपतो.

फक्त एक आहे. ती आली त्या दिवशी तिनं चहा केला. माझा कप भरला, तो उचलून आधी स्वतः एक घोट घेतला, आणि मग माझ्यापुढं ठेवला. तेव्हापासून चहा, ताक, सरबत, साधं पाणीसुद्धा तसंच. पाहुणे असोत, जावई असो, आधी तिचा घोट. नवी माणसं गालात हसतात, त्यांना वाटतं म्हातारा-म्हातारीचं प्रेम आहे. मी एकदा हात जोडून म्हणालो, "कलावती, आता पुरे कर." ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला निवांत पिता यावं म्हणून करते."

सोळा वर्षं झाली. आज सकाळीही तिनं घोट घेतला, कप पुढं सरकवला, आणि मी तो चहा प्यालो.